सोन त्रा (दा नांग, व्हिएतनाम): पुतळ्याच्या पुढे जाऊन वानरं बघा

सड्यावरची

गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं व्हिएतनामला जाऊन आलो. हल्ली आपल्याकडून पुष्कळ लोक दा नांगला जातात. बा ना हिल्सचा तो हातांनी उचललेला पूल, होई आनचे कंदील, मी खे किनारा एवढं बघून परततात. सोन त्राला सुद्धा जातात, पण फक्त क्वान आम या बौद्ध देवीच्या देवळातल्या त्या पांढऱ्याशुभ्र ६७ मीटरच्या पुतळ्यापर्यंत. तिथे फोटो काढायचे, खाली उतरायचं, संपलं. त्याच रस्त्याने पुढे काय आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सोन त्रा म्हणजे दा नांग शहराच्या ईशान्येला समुद्रात शिरलेला डोंगर. तिन्ही बाजूंना पाणी, एका बाजूला शहर. उंची जेमतेम ७०० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही थोडी कमीच. पण समुद्राच्या पातळीपासून सरळ उभा चढ आणि वरपर्यंत गर्द रान. शहराच्या मध्यापासून दहा किलोमीटरवर असं रान टिकून आहे, हेच मला आधी खरं वाटेना. १९७७ साली व्हिएतनाम सरकारने ज्या पहिल्या थोड्या जंगलांना 'निषिद्ध अरण्य' म्हणून राखून ठेवलं, त्यात हे एक होतं.

आणि या रानात राहतात तांबड्या पायांची डूक वानरं. तिकडे त्यांना 'वोक चा वा चान नाउ' म्हणतात. चान म्हणजे पाय, नाउ म्हणजे तपकिरी. जगात फक्त व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाच्या ईशान्य कोपऱ्यात ती आढळतात, आणि आता अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहेत.

आम्ही पहाटे साडेपाचला हॉटेलवरून निघालो. गाडीवाल्या दादांना इंग्रजी येत नव्हतं. मी मोबाईलवर वानराचा फोटो दाखवला तर त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली, म्हणजे 'माझ्यावर सोडा'. देवळाचा फाटा मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर एका वळणावर त्यांनी इंजिन बंद केलं. खाली दरीत धुकं, त्याच्या पलीकडे समुद्राचा आवाज, आणि कुठलीच हालचाल नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. धाकटा कंटाळला. मग माझ्या खांद्यावर एक अर्धवट खाल्लेलं पान पडलं. कोवळं, लालसर, एका बाजूने दातांनी कातरल्यासारखं. वर बघितलं तर फांदीवरून एक पांढरी शेपटी सरळ खाली लोंबत होती, देवळातल्या घंटेच्या दोरीसारखी. शेपटीवरून नजर वर गेली आणि मग एकेक करून सगळी दिसायला लागली. सहा होती. दहा मिनिटं आम्ही त्यांच्याच खाली उभे होतो!

वर्णन करायचा प्रयत्न करते. अंग राखाडी. मांड्या काळ्या. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काताच्या रंगाचे मोजे घातल्यासारखे पाय. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरं. चेहरा हळद लावल्यासारखा, भोवती पांढऱ्या लांब मिशा-कल्ले. आणि डोळे मिटले की पापण्या फिकट निळ्या दिसतात! एक मादी आमच्याकडे तोंड करून बसली होती, उन्हाची पहिली तिरीप तिच्या तोंडावर आली तसे तिने डोळे मिटले. तो निळा रंग मी दुर्बिणीतून बघितला आणि मला चक्क रडू आलं. नवरा म्हणाला, काय झालं? सांगताच येईना.

तिच्या पोटाशी एक पिल्लू होतं. पिल्लांचा चेहरा सुरुवातीला काळपट असतो, वय वाढेल तसा उजळत जातो. ते आईची मिशी ओढत होतं आणि ती त्याचा हात पुन्हा पुन्हा खाली करत होती.

तासभर आम्ही तिथे होतो. त्यातलं एकही वानर खाली उतरलं नाही, कोणी आमच्याकडे हात पसरला नाही. आमच्याशी त्यांना काही घेणंदेणंच नव्हतं. परत येताना देवळाजवळच्या रस्त्यावर मात्र दुसरं दृश्य. तिथे लाल तोंडाची माकडं, कठड्यावर रांगेने. एका मोटारीतून चिप्सचं पाकीट भिरकावलं गेलं आणि दोन मोठे नर एकमेकांवर तुटून पडले. एका छोट्या पिल्लाचा कान फाटलेला होता. एकाच डोंगरावर, एकाच सकाळी ही दोन दृश्यं बघितली आणि तेव्हापासून मनातून जात नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, वानर-माकडांना खाऊ घालू नका.

ज्यांना जायचं आहे त्यांनी विचारा, मला ठाऊक आहे ते सगळं सांगेन. आणि जे जाऊन आलेत त्यांनी भर घाला.

---

वडाचीपारंबी

ताई, फार सुंदर लिहिलंय. पान खांद्यावर पडलं तिथे मी पण वर बघितलं.

आम्ही पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन जायचं म्हणतोय. बाबा ७४, आईचे गुडघे दुखतात. चढायला लागतं का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, कांदा-लसूणही चालत नाही चतुर्मासात. तिकडे जमेल का?

---

सड्यावरची

@वडाचीपारंबी, अजिबात चढावं लागत नाही. वानरं रस्त्याच्या कडेच्या झाडांवरच दिसतात, कारण रस्त्यामुळे तिथे ऊन येतं आणि सकाळी त्यांना ऊन खायचं असतं. गाडी करा, स्कूटर नको. ॲपवरून मोटार मिळते, पण वरून परत येताना तिथे गाडी मिळत नाही. त्यामुळे जाताना-येताना तीच गाडी थांबवून ठेवायची असं आधीच ठरवून घ्या. हॉटेलवाले लावून देतात.

वेळ: सकाळी सहा ते नऊ, नाहीतर दुपारी तीननंतर. भर दुपारी ती पानांत बसून पचवत असतात, दिसत नाहीत.

महिना: फेब्रुवारी-मार्च ते ऑगस्ट. सप्टेंबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस आणि वादळं. आपला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, हे लोक विसरतात आणि दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पावसात अडकतात.

शाकाहारासाठी एकच शब्द पाठ करा: 'चाय'. म्हणजे शाकाहारी. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. बौद्ध परंपरेतलं असल्यामुळे कडक 'चाय' जेवणात बहुतेक वेळा कांदा-लसूणही नसतो, तरी विचारून घ्या. पौर्णिमा-अमावस्येला तर तिकडचे कितीतरी लोक 'चाय'च जेवतात. आईंना आवडेल हे. फक्त साध्या हॉटेलात 'भाज्या द्या' म्हणालात तर वरून माशाचा सॉस येतो, त्यामुळे 'चाय' लिहिलेली पाटी बघूनच आत जा.

व्हिसा ऑनलाईन मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाचे २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. मधले लोक दुप्पट-तिप्पट घेतात.

---

रामटेककर

लेख चांगला आहे, पण एक मनातलं विचारतो. कृपया राग मानू नये.

आम्ही रामटेकचे. गडावर वानरं आहेत, लहानपणापासून त्यांच्यात वाढलो. आजी दर शनिवारी ओंजळभर फुटाणे घेऊन जायची. तळहातावरून वानर अलगद दाणा उचलायचं, नख लागायचं नाही. तिच्यासाठी तो मारुतीचा हात होता. आजी गेल्यावर वडील, आता मी. तुम्ही लोक खाऊ घालू नका म्हणता तेव्हा मला असं वाटतं की आजीने काही चुकीचं केलं असं तुम्ही म्हणताय. मुक्या जिवाला घास देणं हे आपल्या संस्कृतीत पुण्याचंच मानलंय ना?

---

सड्यावरची

@रामटेककर, राग कसला. माझी आजीसुद्धा हेच करायची, गूळ-शेंगदाणे घेऊन. मला याचं उत्तर नीट देता येणार नाही, पण इथे प्राणिशास्त्र शिकवणारे कोणी असतील तर सांगावं.

---

पानगळ

मी प्राणिशास्त्र शिकवतो, प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, माकड आणि वानर. बोलताना आपण ते मिसळतो, पण जुनी माणसं मिसळत नसत. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लाल तोंडाचं ते माकड. शास्त्रातही हे दोन वेगळे गट आहेत, आणि मुख्य फरक पोटात आहे.

माकडाच्या गालात पिशव्या असतात. मिळेल ते भराभर कोंबायचं, सुरक्षित जागी जाऊन खायचं. पोट आपल्यासारखं साधं. फळं, किडे, दाणे, अंडी, माणसाचं उष्टं, सगळं चालतं. म्हणून माकड माणसाच्या वस्तीला चटकन सरावतं.

वानराच्या गालात पिशव्या नसतात. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, गाईच्या पोटाशी तुलना करता येईल असं. त्यात जिवाणू असतात आणि ते पानं आंबवून पचवतात. आपलं वानर आणि सोन त्राचं डूक, दोघं या एकाच कुळातले, चुलत भाऊच म्हणा. डूकचं पोट एवढं मोठं की पुष्कळ लोक नराला गाभण मादी समजतात. हे वानर दिवसातला बराच वेळ नुसतं बसलेलं दिसतं, आळशी म्हणून नाही, आत काम चालू असतं म्हणून.

आता अशा पोटात पिकलं केळं, बिस्किट, गूळ गेला तर काय होतं? साखर झपाट्याने आंबते, पोटातलं आम्ल वाढतं, पानं पचवणारे जिवाणू मरतात, वायू धरतो. गाईने लग्नाच्या पंगतीचा भात भरपूर खाल्ला तर ती फुगून मरते, हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. तसंच. आपलं वानर त्यातल्या त्यात काटक, शेकडो वर्षं माणसाशेजारी राहून त्याने बरंच पचवायला शिकलंय. डूकला ती सवय नाही. ते पिंजऱ्यात जगवणंही म्हणून अवघड जातं.

रामटेककर, तुमच्या आजी फुटाणे द्यायच्या. ओंजळभर, आठवड्यातून एकदा, गडावरच्या दोन-चार म्हाताऱ्या. त्याने वानरांचं रानावर जगणं सुटलं नव्हतं. आता एका रविवारी गडावर किती गाड्या येतात ते तुम्हीच मोजता. तेवढ्या गाड्यांतून आजीचा भाव येत नाही, नुसती पाकिटं येतात. आजींचं काही चुकलं नाही, असं मी मनापासून सांगतो.

---

रामटेककर

सर, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. गाईचं उदाहरण डोळ्यांसमोरचं आहे, आमच्या शेजारी असंच झालं होतं.

आजी आणखी एक करायची, ते तुमचं वाचताना आठवलं. फुटाणे देऊन झाले की गडाच्या पायथ्याशी उंबर-वडाच्या रोपांना तांब्याने पाणी घालायची. म्हणायची, माझा घास आजचा, झाडाचा घास रोजचा. हे मी विसरलोच होतो. रोपांचं मी सुरू करू शकतो.

---

सायगावकर

नोकरीमुळे सहा वर्षं हो ची मिन्ह शहरात आहे. (इथली माणसं बोलताना अजून सायगावच म्हणतात.) सोन त्राला चार वेळा गेलोय, त्यामुळे थोडी भर.

सड्यावरचीताईंनी लिहिलं की एवढं रान शहराजवळ टिकलं कसं. दोन कारणं. एक म्हणजे लष्कर. अमेरिकी सैनिक या डोंगराला 'मंकी माउंटन' म्हणायचे, शिखरावर त्यांचं रडार केंद्र होतं. ते पांढरे घुमट अजून आहेत आणि आता व्हिएतनामी सैन्याकडे आहेत. त्यामुळे वर मनमानी बांधकाम होऊ शकलं नाही. तिकडे जाऊ नका, फोटो काढू नका, ड्रोन तर अजिबात उडवू नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि त्याबद्दल आपल्या भाषेत कुठे वाचलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ च्या अखेरीस सरकारने सोन त्राच्या पर्यटन विकासाचा आराखडा मंजूर केला. २०३० पर्यंत डोंगरावर १६०० हॉटेल-खोल्या. मग २०१७ च्या मार्चमध्ये लोकांना समुद्राकडच्या उतारावर झाडं तोडून ४० बंगल्यांचे पाये घातलेले दिसले, परवानगीशिवाय. फोटो सगळीकडे पसरले. हिरव्या डोंगरावर तांबड्या मातीची जखम, लांबून किनाऱ्यावरूनही दिसत होती.

आणि तेव्हा पुढे कोण उभं राहिलं? दा नांगची पर्यटन संघटना. म्हणजे हॉटेल-व्यवसायातलीच माणसं! त्यांच्या अध्यक्षांनी थेट पंतप्रधानांना विनंती केली की सोन त्रावर एकही नवी खोली बांधू नका, आराखडा पुन्हा तपासा. हजारो लोकांनी सह्या केल्या. ग्रीनव्हिएत नावाची दा नांगची संस्था आधीपासून वानरांची मोजणी करत होती. त्यांच्या पाहणीत या एका डोंगरावर १३०० च्या वर डूक वानरं भरली. अशी मोजणी होती म्हणून वादाला वजन आलं. नुसतं 'निसर्ग वाचवा' म्हणून कोणी ऐकलं नसतं. किती आहेत, कुठल्या झाडावर आहेत, कुठल्या उतारावर आहेत, हे त्यांना सांगता येत होतं. आराखडा फेरविचाराला गेला आणि प्रकल्प अडले.

इथल्या राजकारणाची थोडी कल्पना असेल तर लक्षात येईल की उघडपणे असं बोलणं इथे सोपं नसतं. म्हणून मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे.

आता वडाचीपारंबी यांच्या आई-बाबांसाठी एक गोष्ट. शिखराजवळ बान को नावाची जागा आहे, म्हणजे बुद्धिबळाचा पट. तिथे दगडी पटासमोर विचारात पडलेल्या एका म्हाताऱ्या देवाचा पुतळा आहे. कथा अशी सांगतात की दोन देव इथे डाव मांडून बसले होते, बरेच दिवस डाव सुटेना. खाली तिएन सा किनाऱ्यावर अप्सरा आंघोळीला उतरल्या, या देवाचं लक्ष तिकडे गेलं आणि तो डाव हरला. त्या देवाचं नाव 'दे थिक'. हा दे थिक म्हणजे शक्र, आपला इंद्र! बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इथे पोचलेला. अप्सरा दिसल्या की इंद्राचं चित्त विचलित होतं, ही गोष्ट एवढा समुद्र ओलांडूनही बदलली नाही. बाबांना नक्की आवडेल.

तसंच देवळाखालचा किनारा 'बाय बुट'. बुट म्हणजे बुद्ध. व्हिएतनामी भाषेतला हा जुना शब्द थेट आपल्याकडच्या 'बुद्ध'वरून आलेला, नंतरचा 'फत' चीनमार्गे. एक मूर्ती समुद्रातून वाहत या किनाऱ्याला लागली म्हणून हे नाव, असं कोळी लोक सांगतात.

---

वडाचीपारंबी

@सायगावकर, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, इंद्राला भेटायला जायलाच पाहिजे. तिकिटं काढायची जबाबदारी आता माझ्यावर.

---

खिंडीतलावारा

स्कूटरबद्दल माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी मी आणि मित्र गेलो होतो. भाड्याने गाडी देणाऱ्याला स्पष्ट सांगितलं की सोन त्राला वरपर्यंत जाणार आहोत. तरी त्याने बिनगिअरची स्कूटर दिली आणि काही बोलला नाही. खरं म्हणजे त्या चढांवर बिनगिअरच्या गाड्यांना मनाई आहे. खाली चौकीवर अडवतात. आम्ही एवढ्या पहाटे गेलो की चौकीत कोणी नव्हतं, आणि पाटी व्हिएतनामी भाषेत.

चढताना काही वाटलं नाही. उतरताना गिअर नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. तीन-चार किलोमीटर ब्रेक दाबून उतरल्यावर जळका वास यायला लागला, आणि मग तरफ दाबली की सरळ मुठीला टेकायला लागली. ब्रेक लागेनाच. एका बाजूला दरी, खाली समुद्र. मित्र मागे बसला होता, तो ओरडला, 'भिंतीकडे घे!' डोंगराकडच्या गटारात गाडी घातली. माझं मनगट मोडलं, त्याचा गुडघा सोलला. दहा मिनिटांनी एक रबर-चपला घातलेले आजोबा जुन्या गिअरच्या गाडीवरून आले. त्यांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर नाही, आधी गाडीच्या चाकावर ओतलं. वाफ निघाली. मग माझ्याकडे बघून बोटाने 'नाही, नाही' केलं. त्यांनीच आम्हाला दवाखान्यात पोचवलं, पैसे घेतले नाहीत.

गिअरची गाडी चालवता येत असेल तरच दुचाकी घ्या, आणि उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. नाहीतर मोटार. शिवाय आपल्याकडचा परवाना तिकडे जसाच्या तसा चालत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हेच पुढे करते. मला दवाखान्याचं सगळं बिल खिशातून भरावं लागलं.

---

सड्यावरची

@खिंडीतलावारा, वाचून काटा आला. मनगट आता बरं आहे ना? आणि त्या आजोबांचं भलं होवो.

पावसाचंही लिहायला हवं. २०२२ च्या ऑक्टोबरात दा नांगमध्ये एका दिवसात विक्रमी पाऊस झाला आणि सोन त्रावर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ते बरेच दिवस बंद होते. आपल्या घाटांसारखंच. जायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे का ते हॉटेलात विचारून घ्या.

---

पाणकावळा

फोटोग्राफीसाठी जायचंय. किती मिलिमीटरची लेन्स लागेल? वाटाड्या मिळतो का? आणि वानरांना जवळ आणायचा काही उपाय?

---

सायगावकर

@पाणकावळा, ३०० ते ४०० ची लेन्स पुरे. सकाळी झाडाखाली प्रकाश कमी असतो आणि वानर आकाशाच्या पार्श्वभूमीवर असतं, त्यामुळे चेहरा काळा येतो. वळणावळणाचा रस्ता आहे, वरच्या वळणावर उभं राहिलात तर खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या उंचीवर येतात. तिथून खरे फोटो मिळतात. करंजाच्या कुळातलं 'थान मात' नावाचं झाड तिकडे एप्रिल-मेच्या सुमाराला जांभळ्या फुलांनी बहरतं. त्या दिवसांत गेलात तर जांभळ्या रंगात तांबडे पाय, तुम्हीच विचार करा.

दा नांगमध्ये वानरं दाखवणारे स्थानिक निसर्गप्रेमी वाटाडे मिळतात. अवश्य घ्या. त्यांना टोळ्या ओळखीच्या असतात.

जवळ आणायचा उपाय नाही, आणि असूही नये. शीळ घालू नका, आवाज लावू नका, फ्लॅश नको. सहा-सात वानरांची टोळी असते, त्यात एक मोठा नर. तो तुमच्याकडे टक लावून बघत फांदी हलवायला लागला की समजायचं, आपण नको एवढे जवळ आलोय. दहा पावलं मागे.

---

आंबेराई

मी देवगडचा, हापूसची बाग आहे. हा धागा वाचताना दोन्ही बाजूंनी विचार येतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे वानर-माकडांनी शेतकऱ्याला रडवलंय. मोहोर धरला की येतात, एक आंबा खातात, दहा पाडतात. नारळाची कोवळी बोंडं फोडतात. परसातली भाजी लावणं लोकांनी सोडून दिलं. अशा वेळी शहरातल्या माणसाने 'किती गोड आहेत' म्हटलं की डोक्यात तिडीक जाते, हे खरं सांगतो.

पण माझे वडील सांगतात की त्यांच्या लहानपणी एवढा त्रास नव्हता. वरच्या रानात उंबर, कुंभा, आटक, जांभूळ होती. ती तोडून कलमं लावली, काजू लावला. आम्हीच लावला. त्यात घाटात थांबून लोक केळी-बिस्किटं द्यायला लागले. माकडांना रस्ता कळला, रस्त्यावरून गाव कळलं, गावातून बाग कळली. आता त्यांना परत पाठवणार कुठे?

म्हणून सोन त्राच्या लोकांनी झाडं तुटायच्या आधी आवाज केला, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे झाडं आधीच गेली. माझ्या बागेच्या वरच्या अंगाला अर्धा एकर कातळकड आहे, तिथे कलम धरत नाही. तिथे उंबर आणि जांभूळ लावून बघावी का? पानगळ सर, याने वानरं बागेकडे आणखी ओढली जातील का?

---

पानगळ

@आंबेराई, तुमचा राग अगदी रास्त आहे. ज्याचं पीक जातं त्याला कोणी उपदेश करू नये.

अर्धा एकर पुरेसा नाही, आणि बागेला लागूनच लावलीत तर हो, त्यांचा मुक्काम बागेजवळ होईल. हे काम एकट्याचं नाही. गावाच्या वरच्या रानात, बागांपासून लांब, वाडीने मिळून लावली तर दहा-पंधरा वर्षांत काहीतरी फरक दिसू शकेल. तोवर राखण आहेच. घाटातलं खाऊ घालणं बंद होणं मात्र उद्यापासून शक्य आहे, त्याला झाड वाढायची वाट बघायला नको.

---

रामटेककर

@आंबेराई, तुमच्या पोस्टनंतर गडावर येणाऱ्या ओळखीच्यांना सांगायला लागलोय. चौघांनी ऐकलं, एकाने भांडण काढलं. उंबराची सात रोपं लावलीत.

---

वडाचीपारंबी

जाऊन आलो! परवाच परतलो. धागा वर काढतेय, कारण सगळं तुमच्यामुळे झालं.

आईने 'चाय' शब्द असा पाठ केला की विमानतळावर उतरल्या उतरल्या तिने पोलिसालाच 'आन चाय' म्हणून नमस्कार केला. तिला आठ दिवस पोटभर आणि चवीचं जेवण मिळालं. चाम शिल्पांच्या (चाम म्हणजे या किनाऱ्यावरचे जुने हिंदू राज्य असलेले लोक) संग्रहालयात आम्ही अर्धा दिवस काढला. १९१९ पासूनचं ते पिवळं घर, आत वाळूच्या दगडातले शिव आणि गणपती. हजारेक वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर शिवाची पूजा होत होती, हे बाबांनी तीन वेळा मला सांगितलं, जणू मी विसरेन.

सोन त्राला पहिल्या दिवशी गेलो तेव्हा धुकं होतं, काही दिसलं नाही. बान कोला बाबा इंद्राच्या समोरच्या दगडी बाकावर बसले, पट नीट न्याहाळला आणि म्हणाले, 'याचा वजीर अडकलाय.' बराच वेळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघालो. मीच खट्टू होते, आईला दोन वेळा पहाटे उठवलं म्हणून. वाटाड्या मुलगी बरोबर होती, पंचविशीची असेल. देवळाच्या बरंच पुढे एका वळणावर तिने हात वर केला. आम्ही उतरलो. आईला दुर्बीण धरता येत नव्हती, हात थरथरतात तिचे. त्या मुलीने मागून आईच्या दोन्ही कोपरांना आधार दिला आणि दुर्बीण हळूहळू फिरवत नेली. आई म्हणाली, 'पानंच दिसतायत गं.' मग एकदम गप्प झाली.

खूप वेळ तिने दुर्बीण काढली नाही. मुलगी तशीच कोपर धरून उभी.

गाडीत बसल्यावर आईने पर्समधली खारीक-बदामाची डबी काढली. वानरांना द्यायला म्हणून घरून आणली होती, मला न सांगता. धाग्यातलं पोटाचं सगळं मी तिला वाचून दाखवलं होतं तरी आणली होती. ती डबी तिने त्या मुलीच्या हातात दिली आणि मराठीतच म्हणाली, 'तू खा गं, बाळा.'